इतवारीचे नियम

“हा हात माझा,” म्हणत चंद्रभानने पत्ते आपल्याकडे ओढले.

“तुमचाच हाये, जावईबापू,” बाबाराव म्हणाले. “पण ठेवायचा माझ्यापुढं. जिंकलेलं मोठ्याजवळ जमा करा लागते.”

“हे काहून?”

“नियम हाये.”

चंद्रभानने सासऱ्याकडे रोखून पाहिले. कामठीच्या छावणीत तो कंत्राटदाराकडे कारकून होता आणि सात-आठ खेळण्यात त्याचा हात धरणारा तिथल्या बाजारात कोणी नव्हता. दोघांचा खेळ. एकूण पंधरा हात. हुकूम बोलणाऱ्याने आठ करायचे, दुसऱ्याने सात. त्यात समजावून सांगण्यासारखे ते काय? पण सासऱ्यांच्या या इतवारी पेठेत म्हणे नियम जरा वेगळे, आणि नव्या माणसाला ते समजावावे लागत. समजावायचे तर आधी तरी समजावा! हा म्हातारा पत्ता पडल्यावर तोंड उघडत होता.

ठिणगी सकाळीच पडली होती. दिवाळसणाला आलेली लेक आठवडाभर तरी माहेरी राहावी, एवढेच बाबारावांचे म्हणणे. जावईबापूंनी सुगंधी उटणे लावून घेतले, नवे धोतर नेसले, पाटावर बसून अनारसे हाणले आणि मग तोंड पुसत सांगितले, “उद्या सकाळीच कौशल्येले घेऊन जातो. सहा महिने झाले, अजून हिले आमच्या घरची रीत येत नाही. इथं राहिली तं आलेलं बी विसरन.”

“शिकवली नसन कोणी नीट.”

“आई रोज शिकवते! हिचंच ध्यान नाही.”

बाबाराव कापडाचे व्यापारी. गिऱ्हाईक कितीही तापले तरी आपण आवाज चढवायचा नाही, हा त्यांचा बाणा. पण तेव्हा त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. जेवणानंतर चंद्रभान पान चघळत आडवा झाला, आणि बाप-लेक माडीवर बराच वेळ बोलत बसले. तो उठला तेव्हा समोर पत्त्यांचा करकरीत नवा जोड होता.

“एक डाव खेळू,” बाबाराव म्हणाले. “तुम्ही जिंकले तं उद्या घेऊन जा तिले, कोणी हूं की चूं करणार नाही. हरले तं ती इथंच राहीन. मी बोलावल्याबिगर न्यायले याचं नाही.”

चंद्रभान गालातल्या गालात हसला होता. आयतीच शिकार चालून आली होती.

सासूबाई, जिजाबाई, सुपारीचे तबक घेऊन आल्या. नवऱ्याच्या हातात पत्ते पाहून दारातच थबकल्या आणि तशाच माघारी वळल्या. कौशल्या तेवढी दाराशी बसून राहिली, पदर पुढे ओढून.

बाबारावांनी बदामाचा राजा टाकला. एक्का अजून बाहेर आहे हे शेंबड्या पोरालाही कळले असते. चंद्रभानने एक्का आपटला आणि खदखदून हसला.

“एक हात गेला तुमचा,” बाबाराव म्हणाले. “मोठ्यानं हसलं की एक हात वजा. हो ना वं, कौशल्ये?”

“हो,” पदराआडून आवाज आला.

“मंग हे आधी काहून नाही सांगतलं, मामाजी?”

“आधी सांगत नसतात. चुकलं की सांगतात. अन् काहून म्हणून विचारलं, त्याचाही एक हात गेला. पहिल्यांदा सोडून देल्लं, नवे होते म्हणून.”

आता मात्र हद्द झाली. असा रडीचा डाव गल्लीतली पोरेही खेळत नाहीत, आणि हा चारचौघांत मान असलेला माणूस! चंद्रभानच्या जागी कोणीही असता तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. पण डाव सोडणे म्हणजे हरणे. तो दात-ओठ खात खेळला, आणि खेळला मात्र झकास. इस्पिक हुकूम तोच बोलला होता, म्हणजे आठ हात त्याला करायचे होते. त्याने सासऱ्याची सगळी इस्पिके उतरवून घेतली आणि हातामागून हात ओढले. बाबारावांपुढे त्याच्या हातांची रास लागली. दोन वजा जाऊनही सात झाले होते, आणि शेवटचा पत्ता त्याने हुकमाचाच राखला होता.

घसा कोरडा पडला होता. त्याने शेजारचा तांब्या उचलून घोटभर पाणी घेतले.

“गेला,” बाबाराव म्हणाले.

चंद्रभानने तांब्या खाली आदळला. विचारायचीही चोरी होती.

“मोठे प्यायल्याबिगर लहान्यानं पाणी प्याचं नाही.” बाबारावांचा आवाज पहिल्यांदाच कापला. “हो ना वं, कौशल्ये?”

“हो,” ती म्हणाली. “ताप असला तरी.”

चंद्रभानने हुकमाचा पत्ता आपटला. हात झाला, पण सातच भरले.

त्याने बाजूचे पत्ते उचलून भिंतीवर भिरकावले. “पत्त्याचा अन् पाण्याचा काय संबंध? असा खेळ असते कुठं? विचारायचं नाही, हसायचं नाही, तहान लागली तं पाणी प्याचं नाही, अन् जिंकलेलं बी दुसऱ्याच्या पुढ्यात! अशात माणूस जिंकन कसा? बसन तरी कायले? कोण्या हलकटानं काढले हे इतवारीचे नियम?”

बाबारावांनी पायाशी पडलेला एक पत्ता उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला.

“मले तं आज सकाळपरेंत बदाम अन् चौकट सारखंच वाटे, जावईबापू,” ते म्हणाले. “खेळ कौशल्येनं शिकवला. नियमही तिनंच सांगतले. इतवारीचे नाहीत ते. तुमच्या घरचे हायेत.”