घर किती वाऱ्याचं?

स्थळ पाहायला आलेल्या भिवा तांडेलांनी मुलाचे नाकडोळे नंतर पाहिले. आधी दारावरची पाटी वाचली. घर ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल तो आकडा दारावर ठोकायचा कायदा झाल्यापासून किनाऱ्यावर सगळे असंच करत.

"एकशे ऐंशी!" मुलाचे वडील दत्ताराम कुबल छाती काढून म्हणाले. "तुमचं?"

"एकशे वीस." भिवांचा आवाज खाली आला. "पण यंदाची वादळं दोनशेची सांगतायत."

"अहो, वीसच तर जास्त! जातील चार कौलं."

भिवांची लेक रेवती इतका वेळ पोह्यांत चमचा फिरवत होती. "काका, वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. या विसाने जवळजवळ पाव जोर वाढेल. कौलांबरोबर भिंतीही जातील."

"म्हणजे नकार समजायचा?"

"नकार कुठल्या तोंडाने देऊ? आमच्या घरावर तर झेपेल त्याच्या पावणेतीनपट जोर येणार."

सुपारी फुटली. वादळांच्या हंगामाला अठरा दिवस होते, त्यामुळे मानपानावर कोणी अडून बसलं नाही.

घरी रेवतीची आई उंबऱ्यातच उभी होती. "किती?"

"दोनशे वीस," भिवा म्हणाले.

नवऱ्याचा आकडा ती कधीच तसाच धरत नसे. तिने लेकीकडे पाहिलं. आकड्यात कधी खोटं न बोललेल्या रेवतीने मान डोलावली.

"चला, एक तरी वाचली," आई म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.