वीस मिनिटांचं काम

तिसरा डबा काही केल्या उठेना.

मंदारने पुन्हा कपाटात डोकं घातलं. आत एकावर एक रचलेले चार स्विच होते. भेस्तानच्या त्या साडी-छपाईच्या मिलमधले सगळे कॉम्प्युटर याच चार डब्यांमधून एकमेकांशी बोलायचे. सव्वाअकराला त्याने चौघांत नवं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या पोटातला प्रोग्रॅम, भरायला घेतलं होतं. पहिल्या दोघांनी ते गोडीगुलाबीने घेतलं. तिसऱ्याने मध्येच डोळे मिटले. चौथा जुन्यावरच अडून बसला. आता लग्नात मानपान चुकलेल्या भावकीसारखे चौघेही एकमेकांना ओळख दाखवत नव्हते.

"वीस मिनिटं म्हणाला होतास," मागून मृणाल म्हणाली. तिसऱ्या मजल्यावर ऑर्डरी टाइप करायचं काम तिचं. "पावणेबारा झाले."

"वीसच लागतील. अजून सुरू व्हायची आहेत, एवढंच."

बारा वाजता अहमदाबादहून हितेशभाई येणार होते, एका बड्या कपडा कंपनीचे कॉम्प्युटरप्रमुख. तिसऱ्या मजल्यावर टाइप केलेली ऑर्डर तळमजल्यावरच्या रंगखात्यात पडद्यावर उमटताना त्यांना बघायची होती. उमटली तर वर्षभराचं काम मिलला, आणि मंदारची सहा महिन्यांची उमेदवारी संपून नोकरी कायम. नाही उमटली, तर सेठने सोय सांगूनच ठेवली होती, "तो कालथी कामरेज, मामानी दुकाने." मंदारच्या मामाचं कामरेजला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं; उद्यापासून तिथे बसायचं.

गंमत म्हणजे हे फर्मवेअर हितेशभाईंनीच फोनवर सुचवलं होतं. "टाकून घ्या. आम्ही टाकल्यापासून दोन वर्षांत आमची एकही ऑर्डर अडकलेली नाही."

"काय बंद पडनं, भाऊ?" निंबा आत डोकावला. तिसऱ्या मजल्यावरचा शिपाई, धुळ्याकडचा, पन्नाशीचा.

"सगळंच."

"मंग वरतून खाले काय धाडनं शे?"

"एक ओळ. डिझाइन नंबर, रंग, मीटर."

"एकच ओळ?" निंबाला मंदारची दया आली. "चिठ्ठीवर लिखी दे ना. मी पयत जास."

मंदार हसला. मग हसायचा थांबला. त्याने मृणालकडे पाहिलं, तर तिने वहीचं पान आधीच फाडलेलं.

"इंटरकॉमवर सांगता येणार नाही, पाहुणे शेजारीच असतील," ती म्हणाली. "ते टाइप करतील तसं मी टेबलाखाली लिहून घेते. निंबाभाऊ कप उचलायला येतील आणि चिठ्ठी नेतील. खाली रंगखात्यातला पोपट ती आपल्या पडद्यावर टाइप करेल."

इंटरकॉमवर ऐकताच पोपटला ही योजना भलतीच आवडली. "आणि चिठ्ठी? गिळून टाकू?"

"रंगाच्या टाकीत टाक रे बाबा."

ठीक बाराला हितेशभाई आले. मूळचे बडोद्याचे, मराठी सफाईदार. त्यांनी मृणालच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं : डिझाइन ४१२, पोपटी, नऊशे मीटर. बटण दाबलं. निंबाने कप उचलले आणि तो दारातून वाफेसारखा नाहीसा झाला.

"चालो नीचे!" सेठ उठलेच. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"खमण गार होईल, सेठ," मंदार घाईने म्हणाला.

"खमण तर गारच आहे!"

"असू दे, घेतो की," हितेशभाई म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन तुकडे सावकाश खाल्ले. जिना उतरतानाही त्यांना घाई नव्हती. प्रत्येक वळणावर थांबून त्यांनी आग लागल्यास काय करावे याची पाटी वाचली.

रंगखात्यात पडद्यावर ओळ झळकत होती : डिझाइन ४१२, पोपटी, नऊशे मीटर.

"वाह!" सेठ म्हणाले.

"आता इथून वर पाठवा," हितेशभाई म्हणाले. "पोपटी नको, राणी करा."

पोपटने पेटीवाल्याच्या ऐटीत बटण दाबलं. पिंपामागे टेकून ऐकत असलेला निंबा एव्हाना पहिल्या मजल्यावर पोचला होता. सगळे वर गेले, तर मृणालच्या पडद्यावर राणी. मग पुन्हा खाली, तर जांभळा. पुन्हा वर, तर मोरपंखी. दर खेपेला सगळे पोचायच्या आत निंबा रिकामा ट्रे घेऊन दारात हजर असायचा आणि अदबीने सलाम ठोकायचा.

"आ माणस बहु चा पीवडावे छे," सेठ कौतुकाने म्हणाले.

मंदारला आता मजा येऊ लागली होती. चौथी खेप पहिलीपेक्षा वीस सेकंद लवकर झाली. वेग वाढत होता. एका अर्थी अपग्रेड झालंच होतं म्हणायचं.

हितेशभाईंनी घड्याळ पाहिलं, मान डोलावली आणि सेठचा हात हातात घेतला. "काम तुमच्या मिलला."

"मंदारभाई, कायम!" सेठ ओरडले. पाठोपाठ वर आलेल्या पोपटने शिट्टी मारली. मृणालने हातातला वहीचा चुरा हवेत उधळला, मग भानावर येऊन एकेक तुकडा वेचायला बसली. निंबा साड्यांच्या गठ्ठ्यावर पालथा पडून होता.

तेवढ्यात हितेशभाईंनी मंदारला खांद्याला धरून जिन्यात नेलं.  मंदारच्या नाकात मामाच्या दुकानातल्या ॲसिडचा वास शिरला.

"साहेब, मी सांगणारच होतो—"

"श्श." हितेशभाईंनी मागेपुढे पाहिलं आणि ते त्याच्या कानाशी वाकले.

"माणूस दमदार आहे तुमचा, पण चपला फार वाजतात. कॅनव्हासचे बूट घेऊन द्या. आमचे चौघे दोन वर्षं त्यातच पळतायत."