आकारामचं फॅट

"बाळ, ह्यातल्या ज्यात माणूस नापास हुतच न्हाय, तेवढ्या सांग," आकाराम म्हणाला.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या लॅबच्या भिंतीवर तपासण्यांचा हा लांबलचक बोर्ड. गावच्या दूध संस्थेनं यंदापासून नोकरांची वर्षातून एकदा तपासणी करायचं ठरवलं होतं. बोर्डावरच्या कुठल्याही तीन, संस्थेच्या खर्चानं. आकाराम संस्थेत टेस्टर. रोज दोन्ही वेळ गावभरच्या दुधाचं फॅट मशिनीवर काढायचं आणि ज्याच्या त्याच्या कार्डावर मांडायचं, हे त्याचं काम. जेवढं फॅट तेवढा दर. त्यामुळं किटली घेऊन आलेला कुठलाही माणूस त्याच्यापुढं जरा वाकूनच उभा राहायचा. आज तो स्वतः वाकून उभा होता.

"रक्तगट धर. रक्तगटात आजवर कोण नापास झालाय?"

काउंटरवरच्या मुलीनं लिहून घेतलं.

"उंची धर."

"काका, उंचीला टेस्ट लागत नाही. आम्ही तशीच मोजतो."

"मग सोड ती. ही तळातली कसली?"

"गरोदरपणाची."

आकारामनं विचार केला. "ती धर. त्यात मी शंभर टक्के निर्दोष हाय."

"आवो!" त्याच्या बायकोनं, चिमणाबाईनं, मागून पिशवीनं ढोसलं. "पोरी, खोड ते. चरबीची लाव. डेअरीची पायरी चढताना ह्यास्नी धाप लागतीया. जादा निघाली तर आजपास्नं मटण बंद."

आकारामचा चेहरा उतरला. मंगळवारी गावची म्हाई होती. देवीचा सण, घरोघरी मटण, गावोगावचे पावणे. म्हाईला ज्याच्या ताटात मटण नाही तो एकतर माळकरी नाहीतर मरायला टेकलेला. आकारामच्या गळ्यात माळ नव्हती.

लॅब लहान. लिहून घ्यायला तीच मुलगी, सुई टोचायलाही तीच. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, दंडाला रबरी पट्टी बांधली.

"मूठ आवळा, काका. मला वळखलं न्हाय व्हय? मी अक्षता. धोंडुबाईची नात."

आकाराम खुर्चीत मागं सरकला. धोंडुबाईची म्हैस म्हणजे संस्थेतलं सगळ्यात कमी फॅट. आणि ते म्हैस लावत नव्हती, आकाराम लावत होता.

पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज टेस्टर ही पोरगी. टेस्टरचा कुणावर राग असला की तो काय करतो? फॅट खाली लावतो. आकारामला तरी दुसरं काय हवं होतं? फक्त राग कमी पडता कामा नये.

"म्हातारी शिव्या घालत असंल न्हवं मला?" त्यानं आशेनं विचारलं.

"न्हाय ओ. आजी म्हणती, मशीन कशाला खोटं बोलंल? आपलीच म्हस पाणचट."

"मशीन न्हाय, मी खोटं बोलतो!" आकाराम ठासून म्हणाला. "मशीन सात दाखवायचं, मी सा मांडायचो."

"काय सांगताय काका!"

"तुझ्या आजीच्या गळ्याशप्पत."

"पण का?"

"टँकर हितं कोल्हापुरात पोचला की फॅट कमी लागतंय. संस्था तोट्यात जाऊ नये म्हणून सगळ्यांचंच जरा राखून मांडायचं." एवढ्यानं पोरीला राग येईल असं वाटेना, म्हणून त्यानं पुढं जोडलं, "तुझ्या आजीचं तर उगंच आणिक खाली."

बाकड्यावरच्या लोकांनी पेपर खाली घेतले. कॉईन बॉक्सवर बोलणाऱ्या माणसानं पलीकडच्याला "थांब जरा" म्हणून सांगितलं. अक्षताच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिनं सुई उचलली. आकाराम खूश झाला. आता ही असं खाली लावणार की मंगळवारी दोन ताटं वाढून घ्यायला हरकत नाही.

"आणि आपल्या म्हशीला?"

आवाज मागून आला. आकारामनं वळून पाहिलं नाही.

"चंद्रीला वो. तिचं किती मांडत हुता?"

"तिचं... जरा जादा खाली. टेस्टर घरच्या म्हशीला वर लावतोय, असं कुणी म्हणाय नगं."

"जरा म्हंजे?"

"दीड पॉइंट."

चंद्रीला चिमणाबाईनं तीन वर्षं सरकी चारली होती. गूळ चारला होता. दर अमावस्येला तिची दृष्ट काढली होती. तरी फॅट लागेना, म्हणून शेवटी वडगावच्या बाजारात विकली, आणि परत येताना चिमणाबाई एसटीत अशी रडली होती की कंडक्टरनं मयत कुणाचं म्हणून विचारलं होतं.

"पोरी," चिमणाबाई अगदी शांतपणे म्हणाली, "सुई ठेव खाली. चरबीची तपासणी नगं. मटण बंद झालं."

"अगं, पण रिपोर्ट तर येऊ दे!"

"रिपोर्ट मी मांडला."

"निदान म्हाईपुरतं तरी..."

"म्हाईला दोडका."

तिनं पिशवी काखेत मारली आणि ती बाहेर पडली. अक्षतानं सुई ठेवली, रक्तगटासकट कागदावरचं सगळं खोडलं आणि बाकड्यावरच्या पुढच्या माणसाला हाक मारली. मूठ सोडा, असं आकारामला कुणी सांगितलंच नाही. तो ती आवळून तसाच बसून राहिला, आणि त्याच्या हाताची शीर फुगत फुगत अशी ठसठशीत वर आली, की आंधळ्यालाही सुई टोचता आली असती.