लाल चौकटी

“मॅडम, हा लाल नाही, गुलाबी आहे,” प्राचार्य म्हणाले. “उद्या पालकसभा आहे. नापासांची नावं आईबापांना लांबून दिसली पाहिजेत.”

विदुलाने दात आवळले. कनिष्ठ महाविद्यालयात ती संगणक शिकवायला आली होती, पण निकालाच्या पीडीएफसाठी प्रोग्रॅमही तिलाच लिहावा लागत होता. सकाळपासूनचा हा चौथा बदल. आधी म्हणे तक्त्याची रेघ बारीक, मग नावं मधोमध नाहीत, मग अक्षरं बारकी. तिने रंगाचा आकडा बदलला आणि अकरा नापासांच्या चौकटी गडद लाल केल्या. स्क्रीनवर पाहून प्राचार्य खूश झाले.

शिपायाने यादी छापून फलकावर लावली. दहा मिनिटांत प्राचार्य धापा टाकत परत आले. “अहो, नावंच गायब!”

ऑफिसच्या प्रिंटरला काळ्याखेरीज दुसरा रंग येत नव्हता. लालाचा काळा झाला होता आणि काळी अक्षरं त्यात बुडाली होती. विदुलाने कपाळावर हात मारला आणि तरातरा फलक गाठला.

“कोण कोण गचकलं रे? काही दिसेना की!” एक जण ओरडत होता. विदुलाच्या वर्गातली, गणितात नापास झालेली पहिल्या बाकावरची मुलगी मात्र त्या काळ्या चौकटींकडे पाहत होती. तिने रोखून धरलेला श्वास सोडला.

“किती वेळ लागेल दुरुस्तीला?” प्राचार्यांनी मागून विचारलं.

एक आकडा बदलायचा होता. मिनिटाचं काम.

“परवा सकाळी देते, सर,” विदुला म्हणाली.