पुढच्या वर्षीचा पहिला नंबर

“हा सौदा लिहिता येणार नाही,” वैभव म्हणाला आणि त्याने वही मिटली.

वेल्डर जलालने कप असा आपटला की अर्धा चहा वहीच्या पुठ्ठ्यावर गेला. सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पातली शुक्रवारची सुट्टीची दुपार, बिर्याणी खाऊन सुस्तावलेली मेस. आठ जणांची ही कागदावरची क्रिकेट लीग: सामने टीव्हीवर खरेखुरे, टीम मात्र प्रत्येकाने नंबराप्रमाणे खेळाडू निवडून मांडलेली. जलालला सिराजुद्दीनचा डावखुरा बॉलर हवा होता. बदल्यात पुढच्या वर्षी सगळ्यांआधी खेळाडू निवडायचा आपला पहिला नंबर तो देणार होता. हिशेब सरळ होता. पुढचं वर्ष लांब, फायनल परवा.

“का नाही येणार? वही तुझ्या बापाची आहे?”

“नियम आहे, जलालभाई. पुढच्या वर्षी जो इथे असेल, त्यानेच पुढच्या वर्षीचा नंबर द्यायचा.”

“नियम मला शिकवतोस?”

नियम जलालचाच होता. गेल्या साली कादिरने आपला नंबर त्याच्या गळ्यात मारला, चांगला बॅट्समन पळवला आणि पंधरा दिवसांत कायमचा गावाला गेला; नंबर बुडाला. तेव्हा याच टेबलावर आरडाओरडा करून जलालने हा नियम लिहून घेतला होता.

“वेल्डरने स्वतःला आत ठेवून दार वेल्ड केलं!” पांडू खिदळला.

जलालने खिशातला इकामा, इथे राहायचा परवाना, काढून टेबलावर फेकला. “वाच तारीख. मोठ्याने वाच. चौदा महिने आहेत अजून!”

वैभवने इकाम्याकडे पाहिलंच नाही. तो रुमालाने चहा पुसत होता. पुसून झालेली जागा पुन्हा पुसत होता.

जलालची पुढची शिवी तोंडातच राहिली. वैभव कॅम्प ऑफिसात टाइमकीपर. कोणाची रजा, कोणाचं तिकीट, कोणाचं फायनल एक्झिट म्हणजे कायमची घरवापसी, सगळ्या याद्या त्याच्याच हातून टाइप होऊन जात.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“जलालभाई, आम्हाला सांगायची बंदी असते...”

“कधीपासून?”

“सोमवार.”

“सोमवार. मंगळवारी मी सुरमई तळली. दोन तुकडे खाल्लेस, तिसरा मागून घेतलास.” जलालचा आवाज चढला. “वही खोटी व्हायला नको म्हणून आज तोंड उघडलंस. माझ्यासाठी नाही उघडलंस!”

“बॉलर घे रे तू,” सिराज घाईघाईने म्हणाला. “तसाच घे. नंबर नको मला.”

“बॉलर गेला खड्ड्यात!” जलालने वही उघडून वैभवपुढे ढकलली. “लिही. सिराजचा पुढच्या वर्षीचा नंबर पांडूला दिला.”

वैभवने मान खाली घालून लिहिलं. यादीत आपण नाही हे कळून सिराजने रोखलेला श्वास सोडला.

“आता पांडूचा सिराजला.”

“मला कशाला मध्ये ओढतोस?” पांडू अजून हसतच होता. “बरं, लिही बाबा. होऊ दे याचं समाधान.”

वैभवने न लिहिताच पेनाला टोपण लावलं.