हरवलेली दांडी

डिस्क ब्रेकची नवी सायकल घरात आल्यापासून नवऱ्याचं थ्रू ॲक्सलचं, म्हणजे चाक बसवायच्या दांडीचं, पुराण ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते. आदल्या दिवशी पुढचं चाक काढून सायकल गाडीत चढवतानाही त्याचं चालूच होतं. "ही दांडी चाकाच्या मधून आरपार जाते. चाक धरणाऱ्या या चिमट्यात फिरवून आवळली की चाक तसूभर हलत नाही." बायको जांभई आवरत हं हं करत होती. हिच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ, असं त्याला वाटलं.

सकाळी शर्यतीच्या मैदानावर त्याने सायकल गाडीतून उतरवली. दांडी कुठेच नव्हती. डिकी, सीटखाली, बुटांच्या आतसुद्धा बघून झालं. दुसऱ्याची मागावी, तर लांबी आणि आटे ज्याचे त्याचे वेगळे. त्याने घरी फोन लावला.

"टेबलावरचं माझं सायकलचं सामान तूच आवरलंस ना? दांडी कुठे ठेवलीस?"

"मी हातही लावला नाही."

"मग काय तिला पाय फुटले? शोध लवकर, शर्यत सुटेल आता."

तिने सोफा सरकवला, कचऱ्याचा डबा उपसला. "अहो, बसते कुठे ती, नीट दाखवा तरी."

त्याने वैतागून सायकलच्या चिमट्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'इथे.'

तिने फोटो मोठा करून पाहिला.

"अहो, फोटोत ती तिथेच बसलीय की. चाक काढलं की दांडी परत चिमट्यातच फिरवून ठेवायची, म्हणजे हरवत नाही, असं काल तुम्हीच सांगत होतात ना?"