अनुभवी जिभेचा दाखला

“शिंदखेड्यातील परवानाधारक विक्रेती भिकुबाई हिच्या दुकानातील ताडी भेसळयुक्त असल्याचे अनुभवी परीक्षक श्री. रतिलाल यांनी पहिल्याच घोटात ओळखले. सबब तिचा परवाना कायमचा रद्द व्हावा.”

जळगावच्या कबड्डी मंडळाने केलेल्या तक्रारीतले हे वाक्य भिकुबाईचे वकील अमीन यांनी तिसऱ्यांदा वाचले. वाक्य सुबक होते. त्यात फक्त सत्याला जागा ठेवायची राहून गेली होती.

पहिल्याच घोटात ओळखले, तर रतिलाल यांनी पुढचे तीन पेले का रिचवले? सामन्याच्या त्या दिवशी तिथे सतरा जण प्याले. पंधरा ठणठणीत आणि दोघेच दवाखान्यात, हे कसे? आणि परतताना त्या दोघांनी धरणगावजवळच्या दुसऱ्या दुकानात गाडी थांबवली होती, हे लिहिताना मंडळाची शाई नेमकी कुठे संपली?

मंडळाचा संघ परगावी खेळायला निघाला की समर्थकांच्या दोन गाड्या मागोमाग निघत. सामन्याचा निकाल आठवडाभरात विसरला जाई; त्या गावी ताडी कुठे घेतली, हे मात्र वर्षानुवर्षे सांगितले जाई. बाटलीतली दारू ही मंडळी तुच्छ मानत. त्यांना झाडावरून उतरलेली, पाणीही न लागलेली ताडी हवी असे, आणि ती कुठे मिळते हे रतिलाल ठरवत. त्यांचे ‘परगाव पत्रक’ मोबाइलवर फिरे : गाव, दुकान, दहापैकी गुण. धरणगावजवळच्या दुकानाला त्यात नऊ गुण होते. भिकुबाईला तीन.

सुनावणीआधी अमीन यांनी दोन्ही दुकाने पाहिली.

भिकुबाईच्या ओट्यावर धुतलेली मडकी पालथी घातली होती. नवरा, पुना, झाडावर होता.

“वकीलभाऊ, मन्ही ताडीमा काहीच नही,” ती म्हणाली. “झाडवरतीन उतरस तशीच इकस. बठ्ठा गाव जाणस.”

“गावाची साक्ष कागदावर नाही, अक्का.”

“मंग कागदले पाजा एक पेला,” ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. परवाना गेला तर भाड्याने घेतलेली झाडेही जाणार होती, आणि पन्नाशीच्या पुनाला झाडावर चढण्यावाचून दुसरे काही येत नव्हते.

धरणगावजवळच्या दुकानात मडके नावालाही नव्हते. रंगाचे एक जुने प्लॅस्टिकचे पिंप होते. त्याच्या काठावर शेवाळी थर आणि थरावर माश्या. आतल्या पांढुरक्या द्रवातून कुजक्या गोडीचा असा भपकारा येत होता की जन्मात ताडी न चाखलेल्या अमीन यांनीही नाकाला रुमाल लावला. दुकानदाराने खिशातून पुडी काढली, पिंपात झटकली आणि ढवळण्यासाठी कोपरापर्यंत हात घातला. तोच हात लेंग्याला पुसून त्याने पेला पुढे केला.

“घ्या साहेब. पत्रकात नऊ गुण आहेत आपल्याला.”

दुकान मंडळाचे सचिव प्रेमराज यांच्या साडूचे होते. अमीन यांना आणखी काही शोधण्याची गरज उरली नाही. नऊ गुण साडूला, तीन गुण पाठीशी कोणी नसलेल्या दुकानाला. साडूच्या दुकानाने माणसे आजारी पाडली, आणि दोष टाकायला शिंदखेड्याची बाई सापडली. जीभ विकली गेली होती.

सुनावणी धुळ्याला, उत्पादन शुल्क कार्यालयात होती. बाहेरच्या टपरीवर रतिलाल भेटले. पांढरा सदरा, सोनेरी चष्मा.

“वकीलसाहेब, ताडीचा खटला आणि तुम्ही!” ते हसले. “पोहणाऱ्यांची शर्यत वाळवंटातल्या माणसाने तपासावी, तसं झालं हे.”

“खरं आहे, नाना. म्हणून तर तुमच्याकडून शिकायला आलो.”

चहा आला. दूध नासले होते. अमीन यांनी पहिला घोट गटारात थुंकला. रतिलाल यांनी कप शांतपणे संपवला. ज्याने जीभ विकली, तो तिची काळजी कशाला करील, असे अमीन यांना वाटले.

आत अधिकाऱ्यासमोर अमीन यांनी दोन झाकलेले पेले ठेवले. एकात त्या सकाळी उतरवलेली भिकुबाईची ताडी, दुसऱ्यात धरणगावच्या पिंपातली.

“पिऊ नका, नाना. नुसता वास घेऊन सांगा, भिकुबाईचा कुठला.”

झाकणे निघाली. अधिकाऱ्याने खुर्ची मागे सरकवली. शिपायाने खिडकी उघडली. रतिलाल मात्र दोन्ही पेल्यांवर आळीपाळीने वाकत राहिले.

“आमच्या समाधानला आत बोलवा,” ते शेवटी म्हणाले. “प्रवासात पहिला पेला तोच पितो.”

“परीक्षक तुम्ही आहात,” अधिकारी म्हणाला. “ओळखा.”

“ओळखलंय त्यांनी, साहेब,” अमीन म्हणाले. “सांगणं परवडत नाही. नऊ गुण सचिवांच्या साडूला दिलेत. मर्जी राखणारा माणूस आहे हा, दुसरं काही नाही.”

रतिलाल ताठ झाले. अपमानाने त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी लेखनिकाकडे बोट केले, आणि पुढचे शब्द जसेच्या तसे नोंदवले गेले :

“लिहून घ्या. मी आजवर कोणाची मर्जी राखली नाही. पाच वर्षांपूर्वीच्या साथीत आजारी पडलो, तेव्हापासून मला वास येत नाही, चव लागत नाही. तरी एकदाही पक्षपात केला नाही. दुकानाबाहेर जितकी जास्त माणसं आडवी पडलेली दिसतील तितके जास्त गुण, हा माझा नियम सगळ्यांना सारखा आहे. भिकुबाईच्या दारातून सगळे चालत घरी जात होते, म्हणून तीन दिले.”